अकरावीला सहा एपी घ्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका आईची मुलगी दहावीत आहे आणि पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म दोन आठवड्यांत द्यायचा आहे. मुलीने त्यात सहा एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या तोडीचे विषय) लिहिलेत: यूएस हिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज, बायॉलॉजी, कॅल्क्युलस बीसी, कॉम्प्युटर सायन्स ए आणि सायकॉलॉजी. यंदा तिचा एकच एपी आहे, ह्यूमन जिऑग्रफी, त्यात ए मायनस. प्रीकॅल्क्युलस ऑनर्समध्ये (नेहमीच्या वर्गाच्या वरची, एपीच्या खालची पातळी) बी. मंगळवार-गुरुवारी भरतनाट्यम्, रविवारी सकाळी मराठी शाळेत लहान मुलांच्या वर्गावर मदत. ओढा बायॉलॉजीकडे. बाबा म्हणतात, मंडळातल्या अमक्याच्या मुलाने सात घेतले होते, हिला सहा का झेपू नयेत? आईला रात्री एक वाजता मुलीच्या खोलीतला दिवा दिसतो. ती विचारते, किती घ्यावेत?

माझं उत्तर: तीन. इंग्लिश लँग्वेज, बायॉलॉजी, आणि कॅल्क्युलस, पण बीसी नाही, त्याहून कमी अभ्यासक्रमाचं एबी. हिस्ट्री ऑनर्स लेव्हलला. बाकीचे दोन बारावीला पाहू. आता हे तीनच का, ते जरा पसरून सांगते, कारण नुसता आकडा तुमच्या घरात टिकणार नाही, हे मला माहीत आहे.

मी २२ वर्षं इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते आहे, त्यातली बरीचशी एपी कॅल्क्युलस. दर फेब्रुवारीत हे फॉर्म माझ्या टेबलावर येतात आणि दर फेब्रुवारीत पालक एकच गोष्ट मोजतात: विषय. मी संध्याकाळ मोजायला सांगते. कागद घ्या आणि मुलीला शेजारी बसवा. तिच्यासाठी नाही, तिच्याबरोबर.

शाळा सुटून ती तीनला घरी येते असं धरू. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. साडेसहाला उठायचं तर साडेदहाला दिवा बंद. मधल्या साडेसात तासांतून खाणं, आंघोळ, जेवण, थोडा फोन, थोडं लोळणं वजा करा. ते वजा केलंच पाहिजे, ती सोळा वर्षांची आहे. सोमवारी आणि बुधवारी प्रत्येकी चार तास उरतात. नाचाच्या दोन दिवशी दोन-दोन. शुक्रवारी दोन, आणि तेही मिळाले तर. शनिवारी चार, रविवारी मराठी शाळेनंतर चार. बेरीज २२ तास.

आता दुसरी बाजू. माझ्या अनुभवातले हे ठोकताळे आहेत, शिक्षकागणिक बदलतील: हिस्ट्री आठवड्याला ६ तास, लँग्वेज ४, बायॉलॉजी ५, बीसी ६, कॉम्प्युटर सायन्स ४, सायकॉलॉजी ३. झाले २८. शाळेच्या स्पॅनिशचे २, म्हणजे ३०. अकरावीचं वर्ष म्हणजे ऑक्टोबरात पीएसएटी आणि पुढे एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, पीएसएटी ही तिची आधीची पायरी), त्याचे २ धरा. ३२.

३२ वजा २२, दहा तास कमी पडतात. शाळेच्या पाच रात्रींत वाटले तर रोज दोन तास. साडेदहाचे झाले साडेबारा, आणि एखादं प्रोजेक्ट आलं की एक. तुम्हाला दिसणारा दिवा अजून दहावीतला आहे. पुढच्या वर्षीच्या कागदावर तो आत्ताच छापलेला आहे.

पण नुसत्या तासांवर माझा विश्वास नाही, कारण सगळे तास एका जातीचे नसतात. यूएस हिस्ट्री १४९१ पासून आजपर्यंत येते आणि ती वाचून-लिहून करायची असते. परीक्षेत सात कागदपत्रं समोर ठेवून एका तासात निबंध मागतात. इंग्लिश लँग्वेजच्या परीक्षेतही तीन निबंध. दोन्ही विषय अकरावीला एकत्र घेणारी मुलं खूप असतात, आणि ज्यांना लिहायला आवडतं त्यांना ते एकमेकांना पूरकच ठरतात. ज्यांना लिहायला बसायलाच तासभर लागतो, त्यांची मात्र दोन्ही शिक्षकांनी शुक्रवार दिला की बुधवारपासूनच दमछाक सुरू होते. कॅल्क्युलस याच्या उलट. ते थोडं थोडं रोज करावं लागतं, आठवडाभर तुंबवून रविवारी उपसता येत नाही. बायॉलॉजीत लॅब आणि तिचे रिपोर्ट. एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाची शिफारसच अशी आहे की शिकवण्याचा एक चतुर्थांश वेळ लॅबमध्ये जावा. कॉम्प्युटर सायन्स ए म्हणजे जावा. तिथे गृहपाठ वीस मिनिटांत होतो किंवा एक सेमिकोलन शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि त्या दिवशी यातलं काय होणार हे आधी कळत नाही. सायकॉलॉजी ही बहुतेकांच्या मते सोपी. सोपी आहे खरी, पण सहावी म्हणून घेतलेली सोपी गोष्टही जागा अडवते. मुलं तिथे पाट्या टाकतात आणि बी घेऊन बाहेर पडतात. ज्या विषयात सहज ए मिळाला असता, त्यातला बी मला सगळ्यात टोचतो.

आता बीसीबद्दल. हा माझा प्रांत आहे, म्हणून थोडी जास्त बोलते.

एबीत आठ युनिट आहेत, बीसीत तीच आठ आणि वर दोन. त्यातलं दहावं अनंत श्रेणींचं, मुलांच्या भाषेत "सीरीज". म्हणजे वर्ष तेवढंच आणि रस्ता लांब, त्यामुळे बीसीचा वर्ग पहिल्या दिवसापासून पळतो. प्रीकॅल्क्युलसमध्ये बी असलेलं मूल पळू शकत नाही असं नाही. पण तो बी कुठून आला हे पाहिलं पाहिजे. कॅल्क्युलसमध्ये मुलं कॅल्क्युलसवर अडत नाहीत, अल्जिब्रावर आणि ट्रिगवर अडतात. डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतात आणि नंतर अपूर्णांकाचं सुलभीकरण चुकतात. तिच्या जुन्या टेस्ट काढून बसा. चुका शेवटच्या अवघड प्रश्नांत असतील तर गोष्ट वेगळी. घातांक, लॉग आणि साइन-कोसाइन यांत विखुरलेल्या असतील, तर एबीचं वर्ष तिला सावरून घेईल.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला. शिफारस एबीची होती. पालकांनी ओव्हरराइड फॉर्म भरला, म्हणजे "शिक्षकांचं मत आम्हाला मान्य नाही, जबाबदारी आमची" असं लिहून देणारा कागद. त्यावर शिक्षकाचीही सही लागते. मी ती केली, कारण मुलगा गोड होता, मेहनती होता आणि "मिस, मी करीन" म्हणाला. ऑक्टोबरपर्यंत केलंही. त्याचे तेव्हा पाच एपी होते. हिवाळ्यानंतर सीरीज सुरू झाली आणि त्याच्याकडून मला रात्री दीडला ईमेल यायला लागले. त्याला कन्व्हर्जन्सच्या सगळ्या टेस्ट (श्रेणीची बेरीज ठरावीक संख्येकडे जाते का हे तपासायच्या रीती) पाठ होत्या, कुठली कुठे लावायची ते उमगत नव्हतं. आणि ते उमगायला शांतपणे बसावं लागतं, ते बसणं त्याच्या वेळापत्रकात कुठेच नव्हतं. तो नापास वगैरे झाला नाही. सी प्लस मिळाला. पण इंजिनिअर व्हायला निघालेला मुलगा जूनमध्ये मला म्हणाला, "आय अॅम नॉट अ मॅथ पर्सन." त्याच्या तोंडच्या त्या वाक्यात माझी सही आहे असं मला वाटत राहतं. तेव्हापासून मी सही करायच्या आधी बाकीचे विषय विचारते.

बाबांच्या मुद्द्याकडे येते. कॉलेजं कडक विषय पाहतात, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मात्र ती पाहतात कशी? अर्जासोबत शाळेचं प्रोफाइल जातं. त्यात शाळेत कुठले एपी आहेत, ग्रेड कशा दिल्या जातात, सगळं असतं. आणि काउन्सेलरच्या रिपोर्टात एक प्रश्न असतो: याच शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलाने निवडलेले विषय किती कडक? त्याला पाच पायऱ्या आहेत, सर्वांत वरची "मोस्ट डिमांडिंग". म्हणून सहा आणि सातची मारामारी करण्यापेक्षा काउन्सेलरला सरळ विचारा, की तुमच्याकडे त्या वरच्या पायरीसाठी चार वर्षांत साधारण काय लागतं. काही शाळांत ते पाच असेल, काहींत नऊ. मंडळातला मुलगा दुसऱ्या शाळेतला असेल, तर त्याच्या सातचा तुमच्या सहाशी संबंधच नाही. आणि चार वर्षांत म्हटलंय मी, एका वर्षात नाही. दहावीत एक, अकरावीत तीन, बारावीत तीन-चार: हे सात-आठ होतात आणि चढती कमान दिसते.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने, चॅपल हिलच्या, दशकभरापूर्वी स्वतःच्याच विद्यार्थ्यांचे आकडे तपासले होते. कॉलेजच्या तोडीचे पाच विषय होईपर्यंत पहिल्या वर्षाचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वाढत जातो, त्यापुढे वाढत नाही, असं त्यांना दिसलं. कॅलिफोर्नियाच्या यूसी विद्यापीठांत तर जास्तीच्या गुणांना मर्यादाच आहे: त्यांच्या जीपीएच्या सूत्रात दहावी-अकरावी मिळून एपीसारख्या विषयांच्या आठ सेमिस्टरनाच वाढीव पॉइंट मिळतो, त्यातही दहावीची जास्तीत जास्त चार. वर्षभराचे चार विषय झाले की ती पेटी भरली. त्यापुढच्या एपीचा उपयोग नाही असं नाही, अर्ज वाचणारे ते पाहतातच. पण जीपीएच्या लोभाने घेत असाल तर तो लोभ फुकट आहे.

क्रेडिटचंही तसंच. एपी केले की कॉलेजचं एक वर्ष वाचतं, फी वाचते, हे मी पॉटलकला दर वेळी ऐकते. बरीच सरकारी विद्यापीठं एपीच्या परीक्षेत ५ पैकी ३ किंवा ४ पासून क्रेडिट देतात आणि तिथे खरोखर पैसे वाचतात. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१४ मध्ये आत आलेल्या बॅचपासून बंद केलं. एमआयटी कॅल्क्युलस बीसीत ५ असतील तर पहिलं कॅल्क्युलस माफ करते. आणि तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचं: पुढे मेडिकल स्कूलचा विचार असेल, तर अनेक मेडिकल स्कूल बायॉलॉजी-केमिस्ट्रीच्या पूर्वअटींसाठी एपीचं क्रेडिट धरत नाहीत, तो विषय कॉलेजात पुन्हा करावा लागतो. तेव्हा तिने बायॉलॉजी क्रेडिटसाठी नाही, आवडते म्हणून आणि आवड खरी आहे का हे तपासायला घ्यावी. सहांपैकी ती एकच मी कुठल्याही परिस्थितीत काढणार नाही.

बाबांची धास्ती मला परकी नाही. मी सांगलीत अकरावीला पीसीएमबी घेतलं होतं. बारावीच्या मार्कांवरच प्रवेश व्हायचे तो काळ. मॅथ्सही ठेवायचं आणि बायोही, म्हणजे मेडिकल आणि इंजिनिअरिंग दोन्ही दारं उघडी. आई म्हणायची, एक ना धड भाराभर चिंध्या. मी रात्री बेडकाच्या आकृत्या काढायचे आणि पहाटे इंटिग्रेशन. शेवटी दोन्हींकडे थोड्या थोड्या मार्कांनी हुकलं आणि मी बीएस्सीला गेले. तक्रार नाही, गणित मिळालं. पण "जास्त घेतलं की जास्त सुरक्षित" हे गणित आपण तिथून सोबत आणलंय आणि इथल्या मुलांच्या फॉर्मवर भरतो आहोत, हे मला दर फेब्रुवारीत दिसतं. आपल्याच राज्यात वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोला २०१५ मध्ये सुपरिंटेंडंटनी (तिथल्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुखांनी) मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना १६ पानी पत्र लिहिलं, हायस्कूलच्या मिडटर्म-फायनल बंद केल्या, तेव्हा पालकांत उभी फूट पडली होती. "अभ्यासाचा दर्जा खालावतोय" म्हणणाऱ्यांत आपले देशी पालक चिक्कार होते. ते वाईट नव्हते. घाबरलेले होते.

हिस्ट्री ऑनर्स का, लँग्वेज का नाही? कारण हिस्ट्रीचे सहाचे तीन तास होतात, सर्वांत मोठी बचत तिथे आहे. आणि लँग्वेजमध्ये मुलगी जो युक्तिवाद लिहायला शिकेल, तो बारावीच्या ऑगस्टमध्ये कॉलेजचे निबंध लिहिताना लगेच कामाला येईल. पण तिला इतिहास मनापासून आवडत असेल, ह्यूमन जिऑग्रफीतला ए मायनस कष्टाने नाही तर गोडीने आला असेल, तर अदलाबदल करा: एपी हिस्ट्री, आणि इंग्लिश ऑनर्स. तीनचे चार करू नका.

माझ्या यादीची बेरीज करून पाहा. लँग्वेज ४, बायॉलॉजी ५, एबी ५, हिस्ट्री ऑनर्स ३, स्पॅनिश २, एखादा हलका इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) १. झाले २०. उरलेले दोन एसएटीला, किंवा फ्लूला. काठोकाठच आहे, म्हणून एक पीरियड स्टडी हॉल (शाळेतच बसून गृहपाठ करायचा तास) ठेवायला सांगा. त्याला "रिकामा" म्हणून नाक मुरडू नका. तिथे निम्मा स्पॅनिश आणि कॅल्क्युलसचे चार प्रश्न उरकतात.

सप्टेंबरात वर्ष सुरू झालं की पहिले सहा आठवडे लक्ष ठेवा, ग्रेडवर कमी आणि इतर गोष्टींवर जास्त. ती नाचाला जायला टाळाटाळ करते का? शनिवारी दुपारी बारापर्यंत झोपते का? "अभ्यास झाला" म्हणते पण काय झाला ते सांगत नाही? क्विझमध्ये ८८ चे ७४ होतात ते नंतर, आधी ही लक्षणं येतात. लेव्हल बदलायची मुदत प्रत्येक शाळेत वेगळी असते. ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) खूण न राहता एपीवरून ऑनर्सला कधीपर्यंत उतरता येतं, ती तारीख आजच विचारून फ्रिजवर लावा. ती तारीख गेल्यावर धावत येणारे पालक मी दर वर्षी पाहते.

परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते. २०२५ मध्ये एका परीक्षेचे ९९ डॉलर होते. उशिरा नोंदवली तर ४० जास्त, नोंदवून दिली नाही तरी ४० जातात. सहा परीक्षा म्हणजे सहाशेच्या आसपास, आणि सगळ्या मेच्या दोन आठवड्यांत. आरंगेत्रम त्या उन्हाळ्यात ठरवत असाल तर हेही धरा, कारण रोजच्या तालमी नेमक्या त्याच सुमारास वाढतात.

बारावीला सायकॉलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स घेता येतील. पण बारावीचा पहिला अर्धा भाग मोकळा आहे असं समजू नका. कॉलेजच्या अर्जांच्या १ नोव्हेंबरच्या अर्ली मुदती आणि जानेवारीच्या रेग्युलर मुदती, त्यातले निबंध, हे मी एका एपीएवढं काम धरते. म्हणजे बारावीत चार एपी घेतले तर डिसेंबरपर्यंत ते पाच असतात.

बाबांना हे सगळं मी सांगितलं असं सांगा. घरच्या माणसापेक्षा परकी मास्तरीण बरी पडते. आणि मुलीला एक विचारा: सहांपैकी कुठला विषय मार्क नसते तरी घेतला असतास? ती दोन नावं पटकन सांगेल, तिसऱ्याला थांबेल. बहुतेक मुलं थांबतात.

राहता राहिला एबीचा मुद्दा. आमच्याकडे अकरावीत एबी आणि बारावीत बीसी असं करणारी मुलं दर वर्षी असतात, पण काही शाळांत एबीनंतर बीसी घेऊ देत नाहीत, थेट स्टॅटिस्टिक्सला पाठवतात. फॉर्म देण्याआधी हे विचाराच. तुमच्याकडे तसं असेल आणि तिला पुढे भरपूर गणित हवं असेल, तर मग बीसी घ्या, पण जुलैचा महिनाभर रोज पाऊण तास ट्रिग आणि लॉग पक्कं करून, आणि लँग्वेज ऑनर्सला उतरवून. तेव्हा एपी दोनच राहतील, आणि त्या वर्षी ते पुरेत.